शीर सापडेना
दाभोसा ते जव्हार : चौदा तासांचा घटनाक्रम

दाभोसा म्हटलं की मुंबई-ठाण्याकडच्या माणसाला धबधबा आठवतो. लेंडी नदी तीनशे फुटांवरून खाली झेपावते, आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. त्याच डोंगरउतारांवर आदिवासी पाडे आहेत. तिथून जव्हार वीसएक किलोमीटर. कोरड्या दिवसांत हे अंतर तासाभराच्या आतलं. आषाढात मात्र किती वेळ लागेल, हे वाटेतला ओहोळ ठरवतो.

पुढे दिलेला घटनाक्रम कुणा एका बाळाचा नाही. पाडा, माणसं आणि घड्याळातल्या वेळा रचलेल्या आहेत. शरीरात तासागणिक काय बिघडतं आणि कोणत्या तासाला कोणता उपचार लागू पडतो, हे मात्र वैद्यकशास्त्रात आहे तसंच दिलं आहे. असं रचावं लागलं, कारण जुलाबाने मूल दगावलं की कागदावर एका ओळीत कारण लिहिलं जातं आणि मधल्या तासांची नोंद फारशी कुठे उरत नाही. मूल वाचवायची जागा त्या तासांतच असते.

रात्री १ वाजता : चौदा तास बाकी

भाताची आवणी निम्मी झालेली. दिवसभर चिखलात वाकून आलेली माणसं गाढ झोपेत. कुडाच्या घरात चौदा महिन्यांची मुलगी आईच्या कुशीत आहे. तिला पहिला जुलाब होतो. पाण्यासारखा पातळ, फारसा वास नाही. आई फडक्याने पुसते, तिला पुन्हा छातीशी घेते.

मुलीचं वजन ८ किलो, वयाच्या मानाने दीडेक किलो कमी. या तालुक्यात ही कमी नवी नाही. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्यानंतर १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली, आदिवासी भागातल्या आरोग्याकडे आणि आहाराकडे सरकारचं लक्ष वेधलं गेलं. तरी वजनकाट्यावर कमी भरणारी मुलं आजही पाड्यापाड्यावर आहेत. अशा मुलाला जुलाब लागले की सुदृढ मुलापेक्षा त्याच्या हाताशी वेळ कमी असतो.

किती कमी, ते रक्ताच्या मापावरून कळतं. लहान मुलाच्या शरीरात किलोमागे साधारण ८० मिलिलिटर रक्त असतं. या मुलीच्या अंगात म्हणजे ६४० मिलिलिटर. बाजारात मिळणारी पाण्याची एक लिटरची बाटली भरायलाही ते पुरणार नाही. तेवढ्यावर तिचं हृदय, मेंदू, मूत्रपिंड चालतं.

जुलाब आणणारं पाणी आलं ते बहुधा झऱ्यातून किंवा पाड्याच्या विहिरीतून. पहिल्या जोरदार पावसात वरचा चिखल, गुरांचं आणि माणसांचं मलमूत्र वाहत खाली येतं. विहिरीत टीसीएल ही जंतुनाशक पावडर पडली असेल तर धोका कमी, नसेल तर पाण्यातून विषाणू किंवा जिवाणू पोटात जातात. आतड्याचं अस्तर पाणी शोषेनासं होतं. कॉलऱ्यासारख्या आजारात तर ते शरीरातलंच पाणी आतड्यात ओतत राहतं. पाण्याबरोबर मीठही जातं.

या तासाला लागणारा उपचार घरातच आहे. अंगावर पाजत राहायचं आणि दर जुलाबामागे ओआरएस द्यायचं. घरात पुडी असेल तर.

पहाटे ४ वाजता : अकरा तास बाकी

पाच जुलाब झालेत. आता उलटी सुरू झाली आहे. पाजलेलं दूध बाहेर येतं आणि आई घाबरून पाजणं थांबवते. घरातली म्हातारी सांगते, "पोट रिकामं राहू दे, आपोआप थांबंल." हा सल्ला मायेचा आहे, पण घातक आहे. जुलाब थांबवण्यासाठी पाणी तोडलं तर आतड्यातून जाणारं पाणी जातच राहतं. फक्त भरपाई बंद होते.

शरीर अजून सांभाळून घेतंय. पेशींच्या आजूबाजूला असलेलं पाणी रक्तवाहिन्यांत ओढलं जातंय, म्हणून रक्ताचं माप फारसं घटलेलं नाही. मुलगी रडते आणि डोळ्यांत पाणी येतं. ही चांगली खूण आहे. तिला तहान लागली आहे, भांडं दिसलं की ती हात पुढे करते. वजनाच्या पाच टक्क्यांच्या आत पाणी गेलंय, चारशे मिलिलिटरपेक्षा कमी.

सकाळी साडेसहा : साडेआठ तास बाकी

आशाताई येतात. छत्री मोडलेली, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. पिशवीत ओआरएसच्या पुड्या आणि झिंकच्या गोळ्या आहेत. त्या विचारतात, "रात्रीपासून किती वेळा झालं?" आई बोटं मोजते. "शू कधी केली?" आईला आठवत नाही.

आशाताई एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पुडी विरघळवतात आणि चमच्याने पाजायला लागतात. तिसऱ्या चमच्याला उलटी होते. नियम त्यांना ठाऊक आहे. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं, मग आणखी सावकाश, घोट-घोट पाजायचं. पण त्यांना आणखी दोन पाड्यांवर जायचं आहे. दर दोन मिनिटांनी एक चमचा, असं तासन् तास बसायला घरात माणूस हवं, आणि सगळी माणसं शेतावर निघाली आहेत.

या चमच्याची ताकद जगाला भारतीय उपखंडातल्याच एका छावणीत कळली. १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तियुद्धातून पळून आलेल्या निर्वासितांची बंगालमधल्या बनगावला गर्दी झाली आणि तिथे कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं मोजून केलेलं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण तीसेक टक्क्यांवरून चारच्याही खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. दाभोशाच्या पाड्यावर या घडीला मुलीला वाचवायला तेच पाणी पुरेसं आहे. लागतो तो पाजणारा हात आणि चार तास.

सकाळी ९ वाजता : सहा तास बाकी

आता खुणा बदलल्या आहेत. डोळे खोल गेलेत. रडताना पाणी येत नाही. जीभ कोरडी. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच सपाट होत नाही, क्षणभर घडी तशीच राहते. मघापर्यंत भांड्याकडे झेपावणारी मुलगी आता भांडं तोंडाशी नेलं तरी मान फिरवते. घरच्यांना वाटतं, ती शांत झाली, तिला बरं वाटतंय. या शांतपणाइतकी भीतीदायक खूण दुसरी नाही.

आजा निर्णय घेतो : जव्हारला न्यायचं. फोनला रेंज नाही. वरच्या टेकाडावर चढून मोठा भाऊ १०८ ला फोन लावतो. २०१४ पासून महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा आहे, गाडीत डॉक्टर असतो, पण गाडी येणार डांबरी रस्त्यापर्यंत. पाड्यापासून रस्त्यापर्यंत पायवाट, आणि पायवाटेवर ओहोळ.

ही अडचण कल्पनेतली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या बोटोशी ग्रामपंचायतीतल्या मर्कटवाडीत सातव्या महिन्यात बाळंत झालेल्या बाईची जुळी मुलं दगावली. रक्तस्राव होत असलेल्या तिला झोळीत घालून चिखलातून न्यावं लागलं. देशात स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव चालू होता.

या तासालाही नाकातून नळी घालून पोटात ओआरएस सोडता येतं, किलोमागे तासाला २० मिलिलिटर. नळी घालायला शिकलेली नर्स उपकेंद्रात असेल तर जवळपासच हे होऊ शकतं. आज उपकेंद्राची सिस्टर लसीकरणासाठी दुसऱ्या गावी गेली आहे.

सकाळी ११ वाजता : चार तास बाकी

ओहोळाचं पाणी उतरायला दीड तास गेला. आता मुलीला झोळीत घालून पलीकडे आणलं आहे. रस्त्यावर १०८ पोचलेली नाही, म्हणून दूधवाल्याच्या जीपमध्ये बसवतात.

मुलीचे हात-पाय गार पडलेत. पाऊस लागला म्हणून गार असतील, असं आईला वाटतं आणि ती पदर गुंडाळते. पण पोट गरम आहे, गारवा फक्त तळहात-तळपायांना. तळहातावर नख दाबून सोडलं तर पांढरा ठिपका पुन्हा लाल व्हायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. नाडी मिनिटाला १८० च्या पुढे, आणि मनगटाशी ती लागतच नाही. याला शॉक म्हणतात.

मोठ्या माणसाचं रक्त किंवा पाणी कमी झालं की त्याचा रक्तदाब लवकर उतरतो आणि धोका उघड होतो. लहान मुलाचं शरीर तसं करत नाही. ते हातापायांच्या, कातडीच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि शिल्लक रक्त हृदयाकडे आणि मेंदूकडे वळवतं. रक्तदाब शेवटपर्यंत ठीक दिसतो आणि मग एकदम कोसळतो. हातापायांच्या ज्या शिरांतून सलाईन द्यायचं, त्याच शिरा शरीराने जीव वाचवण्यासाठी मिटून घेतलेल्या असतात. सलाईनची गरज सर्वांत जास्त असते, तेव्हाच शीर मिळत नाही.

दुपारी साडेबारा : अडीच तास बाकी

प्राथमिक आरोग्य केंद्र. डॉक्टर तरुण आहे, नुकताच रुजू झालेला. मुलीकडे बघताच त्याला कळतं. तो उगाच वेळ काढत नाही. ऑक्सिजन लावायला सांगतो, आरएल या सलाईनची बाटली टांगतो आणि सिस्टर पिवळी इंट्राकॅथ फोडते. चोवीस नंबरची ही अगदी बारीक सुई.

हातमोज्याची पट्टी मनगटाच्या वर आवळून बांधतात. हाताच्या पाठीवर टिचक्या मारतात, कापसाने चोळतात. शीर दिसत नाही, बोटाला लागत नाही. अंदाजाने सुई घालतात. रक्त येत नाही. सुई मागे-पुढे करतात. नाही. दुसरा हात. तिथे सुईच्या मुळाशी रक्ताचा एक थेंब दिसतो, सगळे श्वास रोखतात, सलाईन जोडतात आणि हाताची पाठ फुगते. शीर फुटली. मग पाऊल, घोट्याच्या आतल्या बाजूची शीर. मग डोक्यावरचे केस काढून कपाळाजवळची शीर.

मुलगी सुईला ओरडत नाही. आई तिचा पाय धरून उभी आहे आणि विचारते, "डॉक्टर, ती रडत का नाही?"

घड्याळात १२ वाजून ५५ मिनिटं. पंचवीस मिनिटं गेली आणि मुलीच्या अंगात बाहेरून पाण्याचा एकही थेंब गेलेला नाही.

१२ वाजून ५५ मिनिटं : दोन तास पाच मिनिटं बाकी

घटनाक्रम इथे क्षणभर थांबवायला हवा, कारण याच मिनिटाला खोलीत एक वाट मोकळी आहे आणि तिच्याकडे कुणी वळत नाही.

ती वाट गुडघ्याखाली आहे. नडगीच्या हाडाला वर, पुढच्या बाजूला एक उंचवटा असतो. त्याच्या बोटभर खाली आणि आतल्या बाजूला हाडाचा सपाट भाग लागतो, वर फक्त कातडी. लहान मुलाचं हाड तिथे पातळ असतं. आत मज्जा असते, मज्जेत रक्ताच्या असंख्य बारीक वाहिन्या, आणि त्या थेट मोठ्या शिरांना मिळतात. शॉकमध्ये शिरा मिटतात, पण मज्जेतल्या वाहिन्या हाडाच्या कडक भिंतीआड असल्याने मिटू शकत नाहीत. तिथे सोडलेलं सलाईन आणि औषध काही सेकंदांत हृदयापर्यंत पोचतं. डॉक्टर याला इंट्राऑसियस म्हणतात. बोलताना नुसतं 'आय-ओ'.

हाडाची सुई जाड असते आणि आत सळई असते. पायाखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची. जागा निर्जंतुक करायची. सुई कातडीतून हाडावर टेकवायची, टोक गुडघ्याच्या सांध्यापासून किंचित दूर वळवायचं, म्हणजे हाड वाढतं त्या भागाला धक्का लागत नाही. मग दाबत दाबत मनगटाने डावीकडे-उजवीकडे फिरवायचं. एकाएकी विरोध संपल्यासारखं हाताला जाणवतं. सुई सोडून दिली तरी ती आपली आपण उभी राहते. सळई काढून सिरिंजने ओढलं तर मज्जेचं रक्त येतं. त्याच रक्तावर साखर तपासता येते. मग पाच-दहा मिलिलिटर सलाईन जोरात ढकलायचं आणि पोटरी फुगत नाही ना, ते हाताने चाचपायचं. सरावलेल्या हाताला हे सगळं करायला एक-दोन मिनिटं लागतात.

ही युक्ती जुनी आहे. १९२२ मध्ये हार्वर्डच्या सेसिल ड्रिंकर यांनी मज्जेतल्या रक्ताभिसरणाचा अभ्यास केला. १९४० च्या सुमाराला फिलाडेल्फियाच्या लिएंड्रो टोकँटिन्स यांनी हाडातून रक्त आणि सलाईन देऊन दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या छातीच्या हाडातून ते दिलं गेलं. पुढे प्लॅस्टिकच्या इंट्राकॅथ आल्या, शीर पकडणं सोपं झालं आणि पाश्चात्त्य वैद्यकाला हाडाचा विसर पडला.

आठवण करून दिली ती भारताने. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ जेम्स ऑर्लोव्हस्की भारतात कॉलऱ्याची साथ चालू असताना आले होते. शिरा मिटलेल्या रुग्णांना इथले आरोग्य कर्मचारी हाडातून सलाईन देताना त्यांनी पाहिले. परत गेल्यावर १९८४ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात लेख लिहिला आणि ही पद्धत परत आणा, असं बजावलं. त्यानंतर काही वर्षांतच लहान मुलांना अत्यवस्थ स्थितीतून वाचवण्याच्या अमेरिकी प्रशिक्षणात, म्हणजे 'पाल्स'मध्ये, हाडाची सुई आली. तिथून ती जगभर गेली, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या अभ्यासक्रमांतून आपल्याकडेही शिकवली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या छोट्या रुग्णालयांसाठीच्या पुस्तिकेत तर स्पष्ट लिहिलंय की मज्जेची खास सुई नसेल आणि मूल लहान असेल, तर जाड साधी सुईही चालते.

मग दाभोशाच्या मुलीसमोर उभा असलेला डॉक्टर ती का लावत नाही? त्याने तिच्याबद्दल वाचलंय. परीक्षेत चार ओळी लिहिल्यात. पण हातात कधी धरलेली नाही. इमर्जन्सी ट्रेमध्ये ती नाही. लावली आणि हाड मोडलं, पू झाला, नातेवाईक चिडले, तर पाठीशी कोण उभं राहणार, हेही त्याला माहीत नाही. शीर शोधत राहणं हे त्याचं रोजचं काम आहे, म्हणून तो तेच करत राहतो. पाचवी सुई टोचतो. हा त्याचा निष्काळजीपणा नव्हे. त्याला एकट्याला सोडून दिलंय, त्याचा हा परिणाम आहे.

दुपारी १ वाजून १० मिनिटं : एक तास पन्नास मिनिटं बाकी

डॉक्टर रेफरची चिठ्ठी लिहितो. १०८ आली आहे. मोठ्या रुग्णालयात शीर मिळेल, अशी आशा आहे. चिठ्ठीवर लिहिलंय : तीव्र जलशुष्कता, शॉक, शीर मिळाली नाही. हे शेवटचे तीन शब्द जव्हार-मोखाड्यातच काय, गडचिरोलीत, मेळघाटात, नंदुरबारात, कुठल्याही दुर्गम केंद्रात लिहावे लागू शकतात.

गाडी हलते. खड्डे, वळणं. हलत्या गाडीत शीर शोधणं आणखी अवघड. गाडीतले डॉक्टर एकदा प्रयत्न करतात, मग ऑक्सिजन धरून बसतात.

दुपारी सव्वादोन : पाऊण तास बाकी

झाड पडल्यामुळे गाडी अर्धा तास अडकली होती. १८० च्या वर असलेली नाडी १४० वर येते. आईला वाटतं, जरा कमी झालं. गाडीतल्या डॉक्टरांना माहीत आहे की शॉकमधल्या मुलाची नाडी उपचाराविना उतरणं म्हणजे हृदय थकलं. रक्तदाब आता मोजता येत नाही. श्वास खोल आणि मोठे, कारण रक्तात आम्ल साठलंय. मग श्वासांमध्ये अंतर पडायला लागतं. नाडी १०० वर. मग ७०. डॉक्टर फुगा लावून श्वास देतात.

दुपारी ३ वाजता : शून्य

रुग्णालयाच्या दारात हृदय थांबतं.

इथे सगळं आहे. बालरोगतज्ज्ञ धावत येतात, एक जण छाती दाबायला लागतो, दुसऱ्याने नडगीत हाडाची सुई लावलेलीही असते. एका मिनिटात लागली. ॲड्रेनालिन ०.०८ मिलिग्रॅम, किलोमागे ०.०१ या हिशेबाने. पुन्हा तीन मिनिटांनी. पुन्हा. सलाईन सिरिंजने ढकलतात. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. पाण्याअभावी तासन् तास उपाशी राहिलेलं आणि मग थांबलेलं हृदय परत चालू होण्याची शक्यता फार थोडी असते. ते चालू होत नाही.

सुई तीच, हाड तेच. फक्त दोन तास पाच मिनिटं उशिरा.

त्या दोन तासांचा हिशेब

१२ वाजून ५५ मिनिटांनी सुई लागली असती तर काय झालं असतं, याचं गणित जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात आहे. एक वर्षावरच्या मुलाला तीव्र जलशुष्कतेत किलोमागे १०० मिलिलिटर आरएल द्यायचं : पहिलं ३० अर्ध्या तासात, उरलेलं ७० अडीच तासांत. या मुलीला म्हणजे पहिल्या अर्ध्या तासात २४० मिलिलिटर. नुसती बाटली टांगली तर हाडातून धार मंद पडते, म्हणून थ्री-वे, म्हणजे तीन तोंडांची तोटी, लावून पन्नास मिलिलिटरच्या सिरिंजने ढकलावं लागतं. पाच सिरिंज. दुपारी दीडच्या सुमाराला मनगटाची नाडी पुन्हा लागण्याची चांगली शक्यता होती. शिरा भरल्या की हातावर एखादी दिसते, तिथे इंट्राकॅथ बसते आणि हाडातली सुई काढून टाकता येते. एरवीही ती चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवत नाहीत. मग रेफर करताना गाडीत बसलेली मुलगी निदान पाण्याने भरलेली असती.

या सुईत धोके नाहीत असं कुणी म्हणू नये. सुई आरपार गेली तर सलाईन पोटरीत साठतं आणि दाब वाढून पायाला इजा होते, म्हणून दर काही मिनिटांनी पोटरी चाचपावी लागते. हाडात जंतुसंसर्ग होऊ शकतो, पण तो शंभरात एखाद्यालाही क्वचितच होतो. मोडलेल्या हाडात सुई लावायची नाही. त्याच हाडात आधी सुई लावून झाली असेल तर दुसऱ्या पायाला जायचं.

सर्वांत मोठी सावधगिरी पाण्याच्या वेगाची आहे, आणि जव्हारमध्ये ती जास्तच हवी. अति तीव्र कुपोषित मुलाचं हृदय दुबळं असतं. त्याला वरच्या वेगाने सलाईन दिलं तर ते फुप्फुसात साठून मूल दगावू शकतं. त्याच्यासाठी नियम वेगळा : किलोमागे १५ मिलिलिटर, एका तासात, ग्लुकोज मिसळून, आणि दर दहा मिनिटांनी नाडी-श्वास मोजत. २०११ मध्ये आफ्रिकेतल्या 'फीस्ट' या अभ्यासाने दाखवलं की तापाने शॉकमध्ये गेलेल्या मुलांना भराभर सलाईन दिल्याने मृत्यू वाढले. जुलाबाची मुलं त्या अभ्यासात घेतलेली नव्हती. म्हणजे सुई लावणं हा अर्धा भाग, आणि कोणत्या मुलाला किती वेगाने द्यायचं हे ठरवणं हा दुसरा अर्धा. दोन्ही एकत्रच शिकवावे लागतील.

शिकवणं अवघड नाही. कोंबडीच्या तंगडीवर याचा सराव होतो, जगभरच्या प्रशिक्षणांत केला जातो. दहा-बारा हाडांवर सुई फिरवली की हाताला ती 'सुटल्याची' जाणीव कळायला लागते. मोटरवर चालणारी महागडी यंत्रं असतात, ती पाड्यावरच्या केंद्रात नसली तरी चालतं. मज्जेची साधी सुई, सळई असलेली अठरा नंबरची सुई, थ्री-वे आणि पन्नासची सिरिंज एका पाकिटात घालून ट्रेमध्ये ठेवली की झालं. आणि एक नियम भिंतीवर लिहावा लागेल : शॉकमधल्या मुलाची शीर दीड मिनिटात किंवा तीन टोचण्यांत मिळाली नाही, तर हाड. हा नियम लिहिलेला असेल तर नव्या डॉक्टरला स्वतःच्या हिमतीवर निर्णय घ्यावा लागत नाही. जिल्ह्याच्या बालरोगतज्ज्ञाने फोनवर नुसतं "लाव, मी आहे" म्हटलं तरी त्याचा हात थरथरणार नाही.

सुई हा शेवटचा उपाय आहे, हेही तितकंच खरं. पहाटे चारला पुडी घरात असती, साडेसहाला चमचा धरणारं माणूस असतं, नऊला नळी घालणारी नर्स असती, ओहोळावर साकव असता, तर या सुईची गरजच पडली नसती. यातली प्रत्येक गोष्ट मिळायला हवी, आणि ती मिळेपर्यंत हाडाची वाटही उघडी राहायला हवी. रस्ता व्हायला वर्षं लागतात. सुईचं पाकीट ट्रेमध्ये ठेवायला एक आठवडा लागतो.

आपल्याकडे बालमृत्यू अन्वेषणाची पद्धत आहे. मूल दगावलं की कारणांची चौकशी होते, तक्ता भरला जातो. त्या तक्त्यात तीन रकाने वाढवा. पहिली सुई किती वाजता टोचली? सलाईनचा पहिला थेंब किती वाजता गेला? मधला वेळ दहा मिनिटांपेक्षा जास्त असेल, तर हाडाची सुई का लावली नाही : नव्हती, येत नव्हती, की परवानगी नव्हती? वर्षभर ही उत्तरं गोळा केली, तर कुठल्या केंद्राला पाकीट हवंय, कुठल्या डॉक्टरला सराव हवाय आणि कुठल्या अधिकाऱ्याने लेखी आदेश काढायचा राहिलाय, हे नावानिशी कळेल. कळल्यावर न करण्यासाठी कुणाकडेही सबब उरणार नाही.